एका दमात

सोमवार, ३

आज हे घरी आले. एवढं एक वाक्य लिहून वही मिटली तरी चालेल, इतकं बरं वाटतंय.

पण ही वही लेकीने पाठवली आहे आणि तिचा हुकूम आहे की काही झालं की लिहायचं. म्हणजे माझ्या डोक्यातला भुंगा कागदावर उतरेल आणि तिला ऑफिसात सारखे फोन जाणार नाहीत. ती परगावी, पदरात तान्हं बाळ, यायला जमत नाही. त्याची बोच तिच्या आवाजात मला ऐकू येते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला आहे. समोरचा काय लपवतोय ते मला तारेवरून कळतं.

ह्यांना न्यूमोनिया झाला होता, उजव्या फुप्फुसात. हे वॉर्डात आणि मी दाराबाहेरच्या लाकडी बाकावर. बाक कसला, फळीच ती. दाराला काच होती, त्यातून हे मला बघायचे आणि मी ह्यांना. बसून बसून माझ्या गुडघ्याचा भोपळा झाला आहे. असू दे, तो जुना सोबती आहे.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षाही लहान दिसतात. त्यांनी एक ऑक्सिमीटर घ्यायला लावला. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तसाच, फक्त ह्याच्या पोटात लाल दिवा आणि पाठीवर दोन आकडे. वरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ बोटाला लावायचा. हात गरम हवा, माणूस शांत बसलेला हवा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. वरचा आकडा ९३ च्या खाली गेला की लगेच फोन. "आणि घरात चार फेऱ्या मारून झाल्यावरही एकदा बघा," म्हणाल्या. "आकडा बघा, पण माणूसही बघा." माणूस तर मी लग्न झाल्यापासून बघतेच आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

जाच झाला तो क्लॅरिनेटचा. हे बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, माझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडे चांगले राहिले तर पुढच्या तपासणीला बघू, तोवर फुंकणं बंद. मी घरी आल्या आल्या स्टुलावर चढून क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर टाकली. नजरेआड असलेली बरी.

एरवी मी स्टुलावर चढले की हे घर डोक्यावर घेतात. बोलायला लागले की ह्यांना स्वल्पविराम माहीत नसतो. क्लॅरिनेटवाल्याची छाती ती! एका दमात माझ्या माहेरापर्यंत जाऊन परत येतात. आज नुसते बघत राहिले. मी समजायचं ते समजले. स्वारी रुसली.

मंगळवार, ४

सकाळी ९५, दुपारी ९६, संध्याकाळी ९६. लेकीला तिन्ही वेळा कळवलं. ती म्हणाली, "आई, वही कशासाठी दिली आहे?"

यंत्राचं ह्यांनी मनावर घेतलंय, हे मात्र कबूल करायला हवं. मी चिमटा आणला की म्हणतात, "थांब. जरा... बसू दे." मग पाठ ताठ करून, डोळे मिटून बसतात. हळूहळू श्वास आत, मग ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. असं बराच वेळ. मग बोट पुढे करतात, "हं. लाव." आयुष्यात कधी दोन मिनिटं गप्प बसून देवाचं नाव न घेतलेला माणूस ध्यान लावून बसतोय! आजारपणाने माणसं सुधारतात म्हणतात, ते खरं असावं.

फेऱ्या मारून बघायचं विसरले होते. विचारलं तर म्हणाले, "मारल्या. तू... आंघोळीला होतीस. शहाण्णव."

गुरुवार, ६

दोन दिवस सगळं छान. आज दुपारी तर ९७! मी यंत्राचा मुका घ्यायची बाकी होते.

पण रुसवा काही संपत नाही. बोलणं म्हणजे तार पाठवल्यासारखं. "चहा... ठेव." "खिडकी... उघड." पूर्वी ह्यांच्या एका वाक्यात माझी तीन कामं उरकायची. मी पण म्हटलं, बघू कोण आधी बोलतं ते. क्लॅरिनेट माळ्यावर ठेवलं म्हणून हा सगळा ताप. लहान मुलाचं खेळणं काढून घेतलं तर ते निदान रडून मोकळं होतं.

लेक म्हणाली, "बाबांना फोन दे ना." ह्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं. तिला म्हटलं, रुसलेत. ती हसली. "म्हणजे बरे होतायत!" ते आम्हा दोघींनाही पटलं.

रात्री जेवताना ह्यांनी एकदम विचारलं, "गुडघा... कसा आहे?" मी म्हटलं, माझ्या गुडघ्याचं काय घेऊन बसलात, सूप प्या. अर्धं टाकलं.

शुक्रवार, ७

आज गंमत झाली. यंत्र बरोबर आहे ना, म्हणून मी माझ्याच बोटाला लावून बघितलं. ९५! पेशंट सत्त्याण्णव आणि सेवा करणारी पंच्याण्णव. मग गळकी तोटी बदलायला नळवाला आला होता, त्याला म्हटलं, जरा बोट पुढे करा. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं कामाआधी अंगठा घेतायत. त्याचा ९८. मी त्याला शाबासकी दिली. ह्यांना हे सांगितलं तर हसले नाहीत, नुसता हात वर केला. एवढ्या चांगल्या विनोदाचा हा असा कचरा.

आणि एक नवीन टूम. झोपायच्या खोलीत येत नाहीत. आरामखुर्चीत, पाठीशी दोन उशा लावून, उजवीकडे कलून झोपतात. मी म्हटलं, पाठ धरेल. म्हणाले, "इथे... बरं वाटतं." म्हणजे बायकोशेजारी बरं वाटत नाही. वाटू दे. मला पलंगावर ऐसपैस जागा मिळाली. झोप मात्र लागत नाही, का कोण जाणे.

शनिवार, ८

९६, ९६, ९५. खालचा आकडा हल्ली शंभराच्या वर असतो. आज ११२. राग नाडीत उतरला आहे. डॉक्टरीणबाईंनी फोन करायला सांगितलाय तो वरच्या आकड्यासाठी.

रविवार, ९

संध्याकाळी बागेत बँड होता. आमच्या गॅलरीतून छान ऐकू येतो. ह्यांच्याशिवाय ऐकायची माझी पहिलीच वेळ. मला वाटलं होतं गॅलरीत खुर्ची टाकून बसतील, कोण बेसूर वाजवतंय ते नावानिशी सांगतील. मी खुर्ची टाकली, शाल आणली. हे उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला धरून उभे राहिले आणि परत आले. "नको."

मला भरून आलं. एवढं वाईट वाटत असेल तर माणसाने बोलावं. मीच हरले. जवळ जाऊन म्हटलं, "पेटी काढून देऊ का? वाजवू नका, नुसती पुसायला?" ह्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. मग माझा हात धरून बसले, मला वाटलं आता बोलतील. बोलले नाहीत. हात गार होता आणि नखं जरा निळसर दिसली. गॅलरीच्या दारातली हवा. शाल पांघरली. गरम पाण्याची पिशवी दिली, मग चिमटा लावला. ध्यान वगैरे करून ९४.

उद्या धडामभाऊजी येतो म्हणालेत. बँडमधला मोठा ढोल त्यांचा, म्हणून सगळा गाव त्यांना धडाम म्हणतो. ते आले की मेलेलं माणूस उठून बसतं.

मंगळवार, ११, दवाखाना

आधी हे लिहिते की हे ठीक आहेत. ठीक आहेत. ठीक आहेत.

काल धडामभाऊजी आले ते नेमके संध्याकाळच्या आकड्याच्या वेळेला. ह्यांचं ध्यान चालू होतं. मी भाऊजींना खूण केली, गप्प बसा. ते बसले आणि ह्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसायला लागले. मी चिमटा लावला. ९५. मी म्हटलं, "बघा, तुमचा मित्र कसा ठणठणीत होतोय!"

भाऊजी म्हणाले, "अहो वहिनी, होणारच! हा तर टाकी भरतोय!"

"कसली टाकी?"

"आमच्यात तसंच म्हणतात. सुरुवातीचा तो लांब सूर असतो ना, त्याच्या आधी हा असाच बसतो. डोळे मिटून, चंबू करून. बँडमास्तर काठी वर धरून थांबतात याच्यासाठी. टाकी भरली की मग लावतो सूर, तो संपतच नाही. पण गड्या, बोटाला चिमटा लावायला टाकी कशाला रे भरतोस?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

चिमटा अजून बोटालाच होता. भाऊजींना काय माहीत, त्यांनी आपली गोष्ट सुरू केली, रविवारी बागेत ढोल कसा स्टँडवरून निसटला आणि पायऱ्या उतरून थेट फुलांच्या वाफ्यात गेला, आणि माळी कसा त्याच्यामागे धावला. हे हसले. हसता हसता काहीतरी बोलायला गेले, "मास्तर... काय..." आणि खोकला आला. मी आकड्याकडे बघत होते. ९५ चे ९२ झाले. मग ९०. मग ८८.

मला वाटलं यंत्र बिघडलं. काढून भाऊजींच्या बोटाला लावलं, ९७. परत ह्यांच्या, ८७. आता टाकी भरायला दमच नव्हता.

मग पुढचं सगळं तुकड्या तुकड्यांत आठवतंय. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. इतकी वर्षं मी लोकांना रुग्णवाहिका जोडून दिली, आवाज न चढवता. काल स्वतःच्या घराचा पत्ता सांगताना माझी जीभ अडखळली. भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पत्ता सांगितला. त्यांनीच ह्यांना आधार देऊन जिना उतरवला. प्रत्येक पायरीवर थांबत.

फुप्फुसाच्या भोवती पाणी साठलं होतं. न्यूमोनियाच्या पाठोपाठ होतं असं कधी कधी. फुप्फुसाला फुगायला जागाच नव्हती. म्हणून आडवं होता येत नव्हतं. म्हणून एका कुशीवर कलणं, म्हणून दोन शब्दांवर थांबणं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मला एकेक दिवस आठवत होता. "चहा... ठेव." मी त्याला रुसवा समजले. माणसाला धाप लागली होती आणि मी त्याच्याशी अबोला धरून बसले होते. आवाज ओळखणारी म्हणे! मी तिथेच रडले, कुणाची पर्वा न करता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वेळेत आणलंत, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर अवघड होतं. सुई घालून पाणी काढलं. मी बाहेर बाकावर होते. ह्यांना बाहेर आणलं तेव्हा नाकाला नळी होती आणि यंत्रावर ९४. टाकी न भरता. माझा जीव भांड्यात पडला.

आणि अशा वेळी माणसाने काय मागावं? सिस्टरला म्हणाले, "हिला एक खुर्ची द्या. गादीची." स्वतःच्या नाकात नळी आणि माणूस खुर्च्या मागतोय.

बुधवार, १२, दवाखाना

आज विचारलंच. "एवढं नाटक कशासाठी? त्या क्लॅरिनेटसाठी?"

हे थोडा वेळ माझ्याकडे बघत होते, मग खाली, मी पाय लांब करून बसले होते तिथे. म्हणाले, "हो. क्लॅरिनेटसाठी."

मी म्हटलं, "घरी चला, तुमचं ते क्लॅरिनेट मोडून चुलीत घालते." हे हसले. खोकला आला नाही. ९५.

सोमवार, १७

परत घरी. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला वेगळी शिकवण दिली आहे. ध्यान बंद. आधी ह्यांना घरात चालवायचं, माझ्यासमोर. मग एक मिनिट बोलायला लावायचं. बोलत असतानाच चिमटा.

आता काय बोलायचं, हा मोठा प्रश्न. आधी ह्यांनी वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचून दाखवली. मी म्हटलं, हे चालणार नाही, मनातलं बोला. मग बँडमास्तरांना शिव्या दिल्या. मी डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी कानाला हेडफोन लावून बसायचे तशी. एका वाक्यात तीनदा थांबले. ९३.

बुधवार, १९

आमची लग्नाआधीची पहिली भेट सांगितली. मी कशी दिसत होते ते सांगताना दोनदा थांबले. एकदा तर धापेने नव्हे, लाजून. ९४. ह्यांना एवढं सगळं आठवतं, हे मला माहीत नव्हतं.

रात्री पलंगावर झोपले. एका उशीवर. घोरण्याने मला जाग आली आणि मी अंधारात हसत पडून राहिले.

शनिवार, २२

हे लेकीशी फोनवर इतका वेळ बोलले की शेवटी तीच म्हणाली, "बाबा, बाळ रडतंय, ठेवू?" ९६. खालचा आकडा ८०. नळवाल्याच्या जवळपास आले.

गुरुवार, २७

आज तपासणी झाली. छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी कानाला लावलेली ती नळी काढून गळ्यात टाकली आणि म्हणाल्या, "रोज थोडं थोडं फुंकायला हरकत नाही. छातीला व्यायामच होईल."

मला इतका आनंद झाला की घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी स्टूल ओढलं. हे पुढच्या खोलीत डाक बघत होते. म्हटलं, पेटी काढून एकदम समोर नेऊन ठेवावी, बघू चेहरा कसा होतो. चढले. स्टूल कुरकुरलं. पेटीच्या कडीला माझा हात लागतोय न लागतोय तोच बाहेरून सुरू झालं.

मी तशीच थबकले. एक हात कडीवर, एक भिंतीला. ह्यांचा आवाज खोलीतून निघाला, पॅसेजमधून आला, दारातून आत शिरला, आणि तो तुटत नव्हता. मी वाट बघत होते, आता थांबतील, आता श्वास घेतील. नाही. चढलाच आवाज. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकलं असेल. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी स्टुलावर उभी राहून वेड्यासारखी हसत होते. किती दिवसांनी ह्यांनी माझ्यावर तोंड सोडलं! मनात म्हणत होते, बोला, अजून बोला, माझ्या माहेरापर्यंत जा.

ह्यांनी येऊन स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "उतर," म्हणाले. उतरले. चिमटा लावायचं राहूनच गेलं.

आता रात्रीची जेवणं झाली आहेत. हे आत पेटी उघडून बसलेत, एकेक भाग पुसतायत. अजून फुंकलेलं नाही, उद्या फुंकणार आहेत, भाऊजींना बोलावून. आणि मी ते वाक्य उतरवून काढायला बसले आहे. लेकीला फोनवर जसंच्या तसं ऐकवायचं आहे, श्वास न घेता. ऐकलेलं शब्दन् शब्द लक्षात ठेवायची एक्स्चेंजमधली सवय अजून गेलेली नाही. तेव्हा मी फक्त दम ऐकत होते, शब्दांकडे लक्षच नव्हतं. ते वाक्य असं होतं:

"अगं किती वेळा सांगितलं त्या स्टुलावर चढू नकोस चढू नकोस म्हणून एक पाय त्याचा आधीच वाकडा आणि दुसरा तुझा तिथे त्या फळकुटावर रात्रंदिवस बसून गुडघ्याचा भोपळा करून घेतलास आणि मी काचेतून बघतोय की ही भिंत धरून उठते भिंत धरून बसते आणि तोंडातून एक शब्द काढत नाही म्हणून मी म्हटलं काही झालं तरी परत त्या बाकावर हिला बसू द्यायचं नाही मरेपर्यंत टाकी भरीन पण बसू देणार नाही आणि तू इथे माकडासारखी माळ्यावर चढतेस खाली उतर आधी आणि उद्याच्या उद्या तो गुडघा दाखवायचा मी नंबर लावून ठेवलाय सकाळचा!"

इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

क्लॅरिनेटसाठी नव्हतंच ते.

आत जाऊन ह्यांच्या शेजारी बसले. ह्यांनी पेटीतलं मऊ फडकं अर्धं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "सकाळी लवकर उठायचंय. डॉक्टर कडक आहेत म्हणे."